डोळा, मज्जारज्जू आणि पहिले वीस दिवस

(दारव्हा येथील स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

उचकी लागली की मराठी घरात लगेच कुणाचं तरी नाव घेतलं जातं. माहेरच्यांनी आठवण काढली असेल, शिकायला गेलेल्या पोराने काढली असेल. पाण्याचे दोन घोट, चिमूटभर साखर, आणि विषय संपतो. पण उचकी दोन-दोन दिवस थांबली नाही, रात्री झोपू देईना, सोबत उलट्या सुरू झाल्या, तर माणूस पोटाच्या डॉक्टरकडे जातो. दुर्बिणीतून तपासणी होते, जठराला किरकोळ सूज दिसते, आम्लपित्ताच्या गोळ्या मिळतात. आठ-पंधरा दिवसांनी उचकी आपोआप थांबते आणि श्रेय गोळ्यांना जातं. काही आठवडे बरे जातात. मग एक डोळा आतून ठणकू लागतो, लाल लुगडं विटकं दिसू लागतं, चार दिवसांत त्या डोळ्यापुढे धुकं येतं. आता डोळ्यांचे डॉक्टर. पुढे केव्हातरी छातीभोवती कुणी पट्टा आवळल्यासारखं होतं, पाय जड पडतात, लघवी अडते. आता हाडांचे डॉक्टर, मणक्याचे फोटो. तीन डॉक्टर, तीन फायली, आणि तिन्ही फायलींमध्ये एकच आजार.

त्याचं नाव न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, थोडक्यात एनएमओ. डोळ्याची नस आणि मज्जारज्जू या दोन जागांवर तो मुख्यतः घाव घालतो. घाव घालणारं बाहेरून आलेलं काही नसतं. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच तिथे चाल करून जाते. आजार दुर्मीळ आहे, आणि दुर्मीळ आजाराविषयी तालुक्याच्या गावी जाहीर व्याख्यान कशासाठी, असा प्रश्न कुणालाही पडू शकतो. त्याचं उत्तर या आजाराच्या स्वभावात आहे. एनएमओ माणसाला दिवसेंदिवस झिजवत नाही. तो हल्ल्याने येतो, हल्ल्यात जे न्यायचं ते नेतो आणि थांबतो. दोन हल्ल्यांच्या मधल्या काळात नुकसान सहसा वाढत नाही. म्हणजे रुग्णाचं पुढचं सगळं आयुष्य दोन गोष्टींवर ठरतं: चालू हल्ला किती लवकर ओळखला गेला, आणि पुढचा हल्ला येऊ दिला की नाही. त्यातली पहिली गोष्ट नागपूर-मुंबईत घडत नाही. ती दारव्हा, दिग्रस, नेर, आर्णी अशा गावांतल्या दवाखान्यांत घडते किंवा हुकते.

हा आजार वैद्यकाला नवा नाही. १८९४ मध्ये फ्रान्समधल्या लिऑन शहरात भरलेल्या वैद्यकीय परिषदेत युजेन डेव्हिक या डॉक्टरांनी एका ४५ वर्षांच्या बाईची हकिगत मांडली. तिची सुरुवात डोकेदुखीने आणि उदासीनतेने झाली होती. महिनाभरात लघवी अडली, दोन्ही पाय लुळे पडले, दृष्टी गेली, आणि काही आठवड्यांत ती दगावली. डेव्हिक यांनी आधीच्या वैद्यकीय लिखाणातून अशाच आणखी रुग्णांच्या नोंदी गोळा केल्या होत्या. त्यांचे विद्यार्थी फर्नां गो यांनी त्याच वर्षी या विषयावर प्रबंध लिहिला. पुढे आजाराला डेव्हिक यांचं नाव मिळालं.

नाव मिळालं, पण वेगळी ओळख टिकली नाही. विसाव्या शतकात बहुतेक काळ एनएमओ हा मल्टिपल स्क्लेरोसिसचा, म्हणजे एमएसचा, एक उग्र प्रकार समजला गेला. समज अगदीच निराधार होता असं नाही. दोन्ही आजारांत मज्जातंतूंभोवतालचं मायलिनचं आवरण जातं, दोन्हींत डोळा आणि मज्जारज्जू सापडतात, दोन्हींत हल्ले येतात. जपानमध्ये तर ‘दृष्टी-मज्जारज्जू प्रकारचा एमएस’ अशी वेगळी वर्गवारीच वापरात होती. पण बारकाईने पाहणाऱ्यांना फरक खटकत होते. एमएसमध्ये मज्जारज्जूवरचा डाग बहुधा एक-दोन मणक्यांच्या लांबीत आटपतो. एनएमओमध्ये तो तीन किंवा त्याहून जास्त मणक्यांच्या लांबीत पसरलेला दिसतो. एमएसच्या हल्ल्यातून माणूस बऱ्याचदा सावरतो. एनएमओच्या एकाच हल्ल्यात कायमची दृष्टी जाऊ शकते.

गुंता सुटला तो अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये. व्हँडा लेनन यांच्या प्रयोगशाळेत रुग्णांचं रक्तद्रव उंदराच्या मेंदूच्या पातळ चकत्यांवर टाकून त्यातल्या अँटिबॉडी शोधण्याचं काम चालत असे. काही नमुन्यांत एक वेगळीच नक्षी दिसली: मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने उमटलेली. हे नमुने एनएमओच्या रुग्णांचे निघाले. जपानमधल्या सेंदाई इथल्या रुग्णांच्या रक्तातही तीच नक्षी सापडली. २००४ च्या डिसेंबरमध्ये हे संशोधन ‘लॅन्सेट’मध्ये आलं, आणि पुढच्याच वर्षी त्या अँटिबॉडीचं लक्ष्यही कळलं. ते होतं अ‍ॅक्वापोरिन-४ नावाचं प्रथिन.

अ‍ॅक्वापोरिन म्हणजे पेशीच्या आवरणातून फक्त पाणी जाऊ देणारी वाट. अशी वाट असते हे पीटर ॲग्रे यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तांबड्या पेशींवर काम करताना दाखवलं होतं, आणि त्यासाठी त्यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. ॲग्रे काही डोळ्यांच्या किंवा मणक्याच्या आजारावर काम करत नव्हते. एका पेशीत पाणी कसं शिरतं, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्या प्रश्नाच्या उत्तराशिवाय शंभर वर्षं चुकीच्या कप्प्यात पडलेल्या रुग्णांना त्यांच्या आजाराचं कारण कळलं नसतं. मूलभूत संशोधनावरचा खर्च वाया जातो असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे उदाहरण जरूर लक्षात ठेवावं.

मेंदूत आणि मज्जारज्जूत अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या ताऱ्याच्या आकाराच्या पेशी असतात. संदेश वाहून नेणं हे त्यांचं काम नव्हे. त्यांचं काम कालव्यावरच्या पाटकऱ्यासारखं: पाणी कुठे सोडायचं, कुठे अडवायचं हे पाहणं, आणि आजूबाजूच्या पेशी जगत्या ठेवणं. रक्तवाहिन्यांना टेकलेल्या त्यांच्या टोकांवर अ‍ॅक्वापोरिन-४ दाटीवाटीने बसलेलं असतं. एनएमओच्या रुग्णाच्या रक्तातली अँटिबॉडी नेमकी त्यालाच चिकटते. ती चिकटली की कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनांची साखळी जागी होते आणि अ‍ॅस्ट्रोसाइटच्या आवरणाला भोकं पाडते. पेशी मरते. मग मायलिन तयार करणाऱ्या पेशी जातात, आणि शेवटी खुद्द मज्जातंतू. एमएसमध्ये पहिला बळी मायलिनचा असतो, इथे अ‍ॅस्ट्रोसाइटचा. म्हणून दोन्हींची औषधंही वेगळी.

आता सुरुवातीच्या उचकीचा खुलासा होतो. मेंदूच्या देठात उलटीचं नियंत्रण करणारी एक छोटी जागा आहे. रक्तातून आलेलं विष चटकन ओळखता यावं म्हणून तिथे रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर मुळातच विरळ आहे. त्यामुळे अँटिबॉडीला तिथे शिरणं सोपं जातं. २०१५ मध्ये निदानाचे आंतरराष्ट्रीय निकष ठरले, तेव्हा न थांबणारी उचकी, मळमळ आणि उलट्या यांना डोळ्याच्या आणि मज्जारज्जूच्या लक्षणांच्या पंक्तीत मानाची जागा मिळाली. अर्थात बहुतेक उचक्या साध्याच असतात. पण दोन दिवसांहून जास्त टिकलेली, पोटात कारण न सापडलेली उचकी ही मेंदूची तक्रार असू शकते, एवढं पोटाच्या डॉक्टरांच्या मनात असायला हवं.

शरीर स्वतःवरच उलटतं ही कल्पना ऐकायला चमत्कारिक वाटते, पण महाराष्ट्राने ती दोनदा जवळून पाहिली आहे. कुत्रा चावल्यावर पोटात घ्यायची चौदा इंजेक्शनं आजही जुन्या माणसांच्या अंगावर काटा आणतात. ती लस डेव्हिड सेंपल यांनी कसौलीत १९११ मध्ये तयार केली होती, मेंढीच्या मेंदूपासून. रेबीजपासून तिने असंख्य जीव वाचवले. पण तिच्यातल्या मेंदूच्या अंशामुळे काही जणांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर आणि मज्जारज्जूवर तुटून पडे. अशा अपघातांचा उलगडा करण्यासाठी न्यूयॉर्कमधल्या रॉकफेलर संस्थेत टॉमस रिव्हर्स यांनी माकडांना सशाच्या मेंदूचा अर्क वारंवार टोचला. १९३३ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की जंतू नसतानाही मेंदूत असा दाह होऊ शकतो. मायलिनवर हल्ला करणाऱ्या आजारांचं आजचं शास्त्र बऱ्याच अंशी त्या माकडांपासून सुरू होतं. भारतात मेंढीच्या मेंदूची लस २००४ च्या अखेरीस बंद झाली.

दुसरा प्रसंग ताजा आहे. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमची लाट आली. दोनशेहून अधिक रुग्ण झाले. जुलाबाच्या जंतूशी लढायला तयार झालेल्या अँटिबॉडी हातापायांच्या नसांवर उलटतात, हे तेव्हा महाराष्ट्राने रोजच्या वर्तमानपत्रात वाचलं. प्लाझ्मा बदलणं, इम्युनोग्लोब्युलिन असे शब्द घराघरांत पोचले. एनएमओ त्याच कुळातला, पण तो लाट होऊन येत नाही. तो एकेका गावात एकेकट्या माणसाला गाठतो, म्हणून त्याची बातमी होत नाही आणि त्याच्यासाठी वेगळा कक्ष उघडत नाही.

एकेकटा म्हणजे किती? मंगळूरमध्ये डॉ. लेखा पंडित यांनी या आजारांची नोंदवही उभी केली. तिथल्या शहरी पाहणीत एनएमओचं प्रमाण लाख लोकांमागे अडीचच्या आसपास आलं. यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २७ लाख ७२ हजार होती. मंगळूरचं प्रमाण इथे जसंच्या तसं लागू होईल असं नाही, पण अंदाजापुरतं धरलं तर जिल्ह्यात साठ-सत्तर रुग्ण निघतात. त्यातल्या किती जणांकडे या नावाची चिठ्ठी असेल? बाकीचे कुठल्या तरी दुसऱ्याच नावाखाली असतील: कुणी ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणून घरात पडून, कुणी बाहेरची बाधा म्हणून कुठल्याशा ओट्यावर, कुणी मणक्याच्या क्षयाच्या गोळ्या घेत.

या चुकीच्या नावांबद्दल इथल्या डॉक्टरांना दोष देणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. यवतमाळ जिल्ह्यात ऑगस्ट-सप्टेंबरात पऱ्हाटीवर फवारणी चालू असताना कुणी म्हणालं की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि पायांत जोर नाही, तर कुठल्याही शहाण्या डॉक्टरच्या मनात आधी कीटकनाशकच येईल. २०१७ च्या पावसाळ्यात या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. ते पाहिलेल्या डॉक्टरने आधी विषाचा विचार करणं बरोबरच आहे. पण विषबाधेत बाहुल्या बारीक होतात, लाळ आणि घाम सुटतो, सगळं काही तासांत घडतं. एनएमओमध्ये दिवसांचा हिशोब असतो. डोळा हलवला की दुखतो, आणि बधिरपणाला अंगावर एक ठरावीक रेषा असते: बेंबीच्या खाली, छातीच्या खाली. नुसत्या टाचणीने ती रेषा शोधता येते. या तपासणीला पाच मिनिटं लागतात आणि कुठलंही यंत्र लागत नाही.

पाय लुळे पाडणारी कारणं विदर्भात आणखीही आहेत. पूर्व विदर्भात लाखोळीची डाळ वर्षानुवर्षं खाणाऱ्यांचे पाय ताठरत. देशात तिच्या विक्रीवर १९६१ मध्ये बंदी आली. पण डाळीमुळे होणाऱ्या या आजारात दृष्टी जात नाही. मणक्याचा क्षय पाठीत दुखतो, ताप आणतो, वजन घटवतो. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता मज्जारज्जू आणि डोळ्याची नस या दोन्हींना धरते, पण महिनोन्महिने हळूहळू, आणि तिच्यावरची इंजेक्शनं स्वस्त आहेत. म्हणून ती तपासणी कधी टाळू नये.

एक कारण मात्र आता इतिहासजमा झालं आहे आणि ते विसरता कामा नये. जपानमध्ये १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पाय बधिर होणं आणि दृष्टी जाणं अशा रुग्णांची अक्षरशः रांग लागली. आकडा दहा हजारांच्या आसपास गेला. साथीचा विषाणू असेल या समजाने रुग्णांना वाळीत टाकलं गेलं, काहींनी आत्महत्या केल्या. शेवटी काही रुग्णांच्या जिभेवर आणि लघवीत हिरवा रंग दिसला, आणि त्या रंगाचा माग क्लायोक्विनॉलपर्यंत गेला. जुलाबावरचं साधं औषध! १९७० च्या सप्टेंबरात जपानने त्यावर बंदी घातली. तेच औषध एन्टेरोव्हायोफॉर्म या नावाने भारतातही खपत होतं. जे. जे. रुग्णालयात मज्जासंस्था विभाग उभारणारे डॉ. नोशिर वाडिया यांनी मुंबईत दिसलेल्या अशा रुग्णांवर शोधनिबंध लिहिले. डोळा आणि मज्जारज्जू एकाच वेळी धरणारा आजार म्हणजे एनएमओच, असं गृहीत धरू नये. रुग्ण काय खातो, काय पितो, कुठल्या गोळ्या घेतो हे विचारण्याला पर्याय नाही.

आता उपचारांकडे, म्हणजे वेळेकडे.

हल्ल्याच्या पहिल्या टप्प्यात मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड रोज एक ग्रॅम, शिरेतून, तीन ते पाच दिवस देतात. हे औषध महाग नाही आणि दुर्मीळही नाही. त्याने पुरेसा फरक पडला नाही, किंवा हल्ला मुळातच भारी असला, तर प्लाझ्मा बदलतात: रक्तातला द्रव भाग काढून त्यासोबत अँटिबॉडी बाहेर टाकायची. फ्रान्स आणि मार्टिनिक इथल्या रुग्णांच्या नोंदींवरून २०१८ मध्ये एक हिशोब प्रसिद्ध झाला. भारी हल्ल्यात प्लाझ्मा बदलणं पहिल्याच दिवशी सुरू केलं तर पूर्ण सुधारणेची शक्यता सुमारे ५० टक्के. वीस दिवस उशीर झाला तर ती १ ते ५ टक्के. औषध तेच, यंत्र तेच, रुग्णही तसाच. मधले वीस दिवस तेवढे गेलेले.

दारव्ह्याच्या माणसाचे ते वीस दिवस कसे जातात हे इथल्या कुणालाही सांगता येईल. दोन दिवस घरगुती उपाय. एक-दोन दिवस गावातला डॉक्टर, ताकदीची सलाईन. मग चष्म्याचं दुकान, कारण डोळा अंधुक झाला म्हणजे नंबर वाढला असं वाटतं. सोयाबीन काढणीला आलं असेल तर आठवडा तसाच. मग चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरचं यवतमाळ. तिथे १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, हा या जिल्ह्याचा फार मोठा आधार. एमआरआयचा अहवाल हातात आला की पुढे सावंगी, सेवाग्राम किंवा सव्वाशे-दीडशे किलोमीटरवरचं नागपूर. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरची शकुंतला रेल्वे या गावाची होती, तीही आता धावत नाही. राहतो तो बसचा आणि भाड्याच्या गाडीचा खर्च. यात कुणाचा हलगर्जीपणा असेलच असं नाही. प्रत्येक पायरी आपापल्या जागी समजण्यासारखी आहे, आणि तरीही बेरीज वीस दिवसांची होते. तोडगा पहिल्या तीन पायऱ्यांवरच शोधावा लागेल. एका डोळ्याची दृष्टी काही दिवसांत उतरली, डोळा हलवताना दुखतो, किंवा बधिरपणाची रेषा कमरेच्या वर चढते आहे, लघवी अडली आहे, यांतलं एक जरी असेल तर त्याच दिवशी यवतमाळ.

हल्ला ओसरला की खरी परीक्षा सुरू होते, कारण आता रुग्णाला बरं वाटत असतं. मेयो क्लिनिकने १९९९ मध्ये ७१ रुग्णांचा अभ्यास मांडला होता. प्रतिबंधक औषधं रुळण्याआधीचा तो काळ. ज्यांचा आजार उलटून येणारा होता, त्यांपैकी ९० टक्के रुग्णांना पाच वर्षांच्या आत पुढचा हल्ला आला. बरं वाटतंय म्हणून गोळ्या बंद करणं हा या आजारातला सर्वांत महागडा निर्णय आहे.

गोळ्या मात्र सगळ्याच महाग नाहीत. अ‍ॅझाथायोप्रिन हे औषध गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतून आलं. दोघांना १९८८ चं नोबेल मिळालं. ते जुनं, साध्या दुकानात मिळणारं औषध आजही अनेक भारतीय रुग्णांचे हल्ले रोखून धरतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि यकृत यांच्या तपासण्या मात्र नियमित कराव्या लागतात. त्यापुढचं रिटुक्सिमॅब अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींच्या कुळावरच घाव घालतं आणि साधारण सहा महिन्यांनी एकदा दिलं जातं. त्याचं देशी रूप हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्ये बाजारात आणलं, आणि त्यामुळे ते इथल्या रुग्णांच्या थोडंफार आवाक्यात आलं. जपानमध्ये ३८ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. औषध मिळालेल्या १९ जणांपैकी एकालाही हल्ला आला नाही. न मिळालेल्या १९ पैकी सात जणांना आला. ते देण्याआधी क्षय आणि हिपॅटायटिस बी यांची तपासणी लागते, आणि ती आपल्याकडे तर टाळूच नये.

२०१९ पासून खास याच आजारासाठी मंजूर झालेली औषधं आली: एक्युलिझुमॅब, इनेबिलिझुमॅब, सॅट्रालिझुमॅब आणि २०२४ मध्ये रॅव्ह्युलिझुमॅब. एक्युलिझुमॅबच्या चाचणीत १४३ रुग्ण होते. औषध घेणाऱ्यांत ३ टक्क्यांना हल्ला आला, न घेणाऱ्यांत ४३ टक्क्यांना. हे यश विलक्षण आहे. पण अमेरिकेतल्या दराने त्याचा वर्षाचा खर्च कोटींत जातो, आणि तो आकडा इथे उच्चारणंही जिवावर येतं. विज्ञानाने आपलं काम केलं आहे. दर ठरवणाऱ्यांचं आणि सरकारांचं काम बाकी आहे, आणि ते कुणीतरी मागितल्याशिवाय होणार नाही.

चुकीच्या नावाने होणारं नुकसान इथे सर्वांत स्पष्ट दिसतं. इंटरफेरॉन-बीटा, फिंगोलिमॉड, नॅटालिझुमॅब ही एमएसची औषधं एनएमओच्या रुग्णाला दिली तर आजार बळावू शकतो. म्हणून एमएसचा शिक्का मारण्याआधी अ‍ॅक्वापोरिन-४ च्या अँटिबॉडीची तपासणी हवीच. ती पेशींचा वापर करणाऱ्या, म्हणजे सेल-बेस्ड पद्धतीने केलेली असावी. एलायझा पद्धतीत खोटे होकार जास्त येतात. मंगळूरमध्ये डॉ. पंडित यांच्या गटाने अशी तपासणी देशातच विकसित केली, हे काम फार मोलाचं. काही रुग्णांत ही अँटिबॉडी सापडत नाही, तर मॉग नावाच्या दुसऱ्या प्रथिनाविरुद्धची सापडते. तो जवळचा पण वेगळा आजार, आणि त्याचं भवितव्य बरेचदा जास्त चांगलं.

या आजारात बायकांचं प्रमाण फार मोठं आहे. ज्यांच्यात अँटिबॉडी सापडते, त्यांत दर दहा रुग्णांमागे साधारण नऊ बायका. सुरुवात बहुधा तिशी-चाळिशीत, म्हणजे घर आणि शेत दोन्ही तिच्या अंगावर असतानाच्या वयात. दिवस गेले की गोळ्या बंद करायच्या, हा सासर-माहेर दोन्हीकडचा सल्ला असतो. त्यात धोका आहे. हल्ले रोखण्यासाठी दिलं जाणारं मायकोफेनोलेट हे औषध गर्भाला घातक आहे, ते आधीच बदलावं लागतं. पण अ‍ॅझाथायोप्रिन डॉक्टरांच्या देखरेखीखाली गरोदरपणातही चालू ठेवता येतं. आणि हल्ल्याचा धोका सर्वांत जास्त असतो तो बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत. लेक नेमकी तेव्हा माहेरी असते, तिची फाइल सासरी राहते, आणि अशक्तपणा बाळंतपणाचाच असेल असं सगळ्यांना वाटतं. आशाताई ज्या घरी बाळाचं वजन करायला जातात, तिथे बाळाच्या आईला तिच्या डोळ्यांबद्दल आणि पायांबद्दलही दोन प्रश्न विचारले गेले, तर कुठल्याही मोठ्या योजनेशिवाय काही बायकांची दृष्टी वाचेल.

विदर्भाच्या उन्हाळ्याबद्दलही सांगायला हवं. अंग तापलं की जुन्या हल्ल्याच्या खुणा पुन्हा डोकं वर काढतात: दुखावलेला डोळा दुपारी जास्त अंधुक होतो, पाय अडखळतात. मायलिन गेलेल्या नसा उष्णतेत संदेश नीट वाहू शकत नाहीत, हे त्याचं कारण. १८९० मध्ये विल्हेल्म ऊथॉफ यांनी ही गोष्ट नोंदवली होती. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की अनेक रुग्ण घाबरून जातात. सावलीत बसून, अंग गार करून तासाभरात बरं वाटलं तर तो नवा हल्ला नव्हे. चोवीस तास उलटूनही तसंच राहिलं, तर मात्र डॉक्टर गाठावा. पाय अचानक आखडून असह्य कळ येणं हाही त्रास यात असतो आणि त्यावर कार्बामाझेपिनसारखी साधी गोळी सुरेख काम करते. विचारलं नाही म्हणून रुग्ण वर्षानुवर्षं सोसत राहतो.

आजार झाला म्हणजे सारं संपलं, असं समजणाऱ्यांसाठी क्रिस्टिन हा यांचं उदाहरण आहे. व्हिएतनामी आईवडिलांची ही मुलगी अमेरिकेत वाढली. तिला आधी एमएस सांगितला गेला आणि मग २००४ मध्ये एनएमओचं निदान झालं, म्हणजे ती अँटिबॉडी जगापुढे आली त्याच वर्षी. दृष्टी हळूहळू जवळजवळ पूर्ण गेली. २०१२ मध्ये तिने अमेरिकेतली ‘मास्टरशेफ’ स्पर्धा जिंकली. कॅसी मिचेल यांना अठराव्या वर्षी या आजाराने चाकाच्या खुर्चीत बसवलं. त्या जैववैद्यकीय अभियंता झाल्या, संशोधन करतात, आणि २०१६ च्या रिओ पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी थाळीफेकीत रौप्यपदक मिळवलं. व्हिक्टोरिया जॅक्सन या प्रसाधन उद्योजिकेच्या मुलीला २००८ मध्ये हा आजार निघाला, आणि आईवडिलांनी त्याच वर्षी संशोधनासाठी प्रतिष्ठान काढलं. आज रुग्णांच्या रक्ताचे नमुने जगभरच्या शास्त्रज्ञांना उपलब्ध होतात, त्यात त्या घराचा मोठा वाटा आहे. एवढा पैसा इथे कुणाकडे नाही हे खरं. पण यवतमाळच्या रुग्णालाही हक्क आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अंधत्व, अल्पदृष्टी, हालचालीचं अपंगत्व आणि मज्जासंस्थेचे दीर्घकालीन आजार हे सगळे धरलेले आहेत. प्रमाणपत्र दृष्टी आणि हालचाल दोन्हींची बेरीज करून मागावं. नुसत्या डोळ्यावर किंवा नुसत्या पायांवर मागितलं की टक्केवारी कमी भरते.

राहता राहिली ती चिठ्ठी, जी दारव्ह्यातून पुढे जाणाऱ्या रुग्णाच्या हातात असते. तिच्यावर आज बहुधा ‘पुढील उपचारासाठी’ एवढंच लिहिलेलं असतं. तिथे पहिलं लक्षण कुठल्या तारखेला सुरू झालं ते हवं. डोळा कुठला, बधिरपणाची रेषा कुठे, लघवी कधी अडली, आधी कधी न थांबणारी उचकी येऊन गेली का, स्टिरॉइडचं इंजेक्शन इथे दिलं का आणि किती दिलं, हे चार ओळींत मावतं. अ‍ॅक्वापोरिन-४ आणि मॉगच्या तपासणीसाठीचं रक्त प्लाझ्मा बदलण्याआधी काढावं, ही एक ओळ पुढच्या डॉक्टरांसाठी, कारण नंतर काढलेल्या नमुन्यात अँटिबॉडी सापडेलच असं नाही. तो अहवाल बाहेरगावच्या प्रयोगशाळेतून यायला वेळ लागतो, तोवर रुग्ण सुट्टी घेऊन गावी आलेला असतो. म्हणून चिठ्ठीच्या खाली दोन मोबाइल क्रमांक असावेत: एक घरातल्या माणसाचा, दुसरा चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरचा.